आजीच्या उंचीचा दोरा

माझं अक्षर चांगलं आहे. तिसगावात कुणालाही विचारा, शाळेतल्या जुन्या मास्तरांचं अक्षर कसं होतं, लोक सांगतील. त्या अक्षरात मी जन्मभर दुसऱ्यांची पत्रं लिहिली, अर्ज लिहिले, लग्नाच्या याद्या लिहिल्या. पण आज जे लिहायला बसलो आहे ते आजवर कागदावर उतरलं नाही की तोंडातून बाहेर पडलं नाही. मुलाला ठाऊक नाही. नातीला ठाऊक नाही. आणि जिला ठाऊक होतं — असावं — ती कधी बोलली नाही.

तेव्हा जरा जवळ येऊन बसा. मला हे मोठ्यानं सांगता येणार नाही.

गोष्ट तशी लहान आहे. म्हणजे, मी स्वतःला इतकी वर्षं तेच सांगत आलो. कुणाची जमीन लाटली नाही, कुणाच्या पोटावर पाय दिला नाही. एका सरकारी अर्जातल्या एका रकान्यात आडवी रेघ मारली, इतकंच. दोन बोटं लांबीची असेल. मग ती अजून डोळ्यांपुढून का जात नाही?

आधी माझ्या बायकोबद्दल सांगतो. तिचं नाव अनसूया, माहेरी सगळे अनसा म्हणायचे. मी तिला नावानं कधी हाक मारली नाही, ‘अगं’वर आमचा संसार झाला. माहेर प्रवरेच्या काठी. नदीकाठची पोर आमच्या कोरड्या गावात येऊन पडली, जिथं हंडाभर पाण्याला अर्धा मैल चालावं लागे. लहानपणी पाठीला सुके भोपळे बांधून पोहायला शिकली होती. पुढं भोपळेही सुटले. भावांबरोबर पैज लावून ती भरल्या नदीत उतरायची, असं तिचा थोरला भाऊ सांगे. हे लक्षात ठेवा. मी विसरलो नव्हतो.

तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. मी शेतकऱ्याचा मुलगा, घराण्यात पहिला शिकलेला, पुढं हेडमास्तर झालो. अर्ध्या गावाला मी मुळाक्षरं शिकवली. तिला नाही. वेळ मिळाला नाही, असं म्हणण्याची पद्धत आहे. चाळीस वर्षांत मिळाला नाही? एकदा तिनं विचारलंही होतं, भाकरी थापता थापता, “माजं नाव कसं लिवत्यात वो?” मी हसलो होतो. तुला काय करायचंय, असं काहीतरी म्हणालो. तिनं पुन्हा विचारलं नाही.

आमचा एकुलता एक मुलगा विष्णू. जर्मनीशी लढाई सुरू व्हायच्या आधी तो आफ्रिकेत गेला, नैरोबीला, तिकडच्या रेल्वेच्या कचेरीत कारकून म्हणून. मागाहून सूनबाई गेली. मालू तिकडेच जन्मली, नंतर अरुण. लढाईत बोटींचा भरवसा नव्हता, त्यामुळं जाणं-येणं बंद. नातवंडं होती, पण ती पत्रात होती. आणि पत्र वाचणारा घरात मी एकटा.

मालू वर्षाची झाली तेव्हा विष्णूनं लिहिलं, पोर चांगली मोठी झाली आहे. मी वाचून दाखवलं. ही म्हणाली, “मोठी म्हंजी केवढी?” मी म्हटलं, अमुक इतके पौंड वजन आहे असं लिहिलंय. तिला पौंड काय कळणार? थोडा वेळ विचार केला नि म्हणाली, “सूनबाईला लिवा, पोरीला भितीला हुबी करा, टाचंपास्नं डोक्यावर दोरा लावा, कापा, आन धाडा.”

मला ते अडाणीपणाचं वाटलं, पण लिहिलं. आणि दोरा आला. पत्राच्या घडीत गुंडाळलेला तांबडा दोरा. लढाईत सरकारची माणसं पत्रं फोडून बघत. त्यावरचा शिक्का अजून आठवतो. तो दोरा बघून कुण्या साहेबाच्या डोक्याला किती ताप झाला असेल, देव जाणे. मग दरवर्षी दोरा येऊ लागला. मालूचा तांबडा, अरुणचा पांढरा. देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला तिनं ते लावून ठेवले. दुपारची कामं उरकली की एखादा काढायची, एक टोक पायाच्या अंगठ्याखाली धरायची, दुसरं ताणून सरळ वर न्यायची. आणि मग त्या वरच्या टोकाशी तळहात ठेवायची. पालथा. पोराच्या डोक्यावर ठेवतात तसा.

मी हे बघायचो. खोटं कशाला बोलू, मला भरून यायचं. तरीही मी जे केलं ते केलंच.

लढाई संपली, बोटी सुरू झाल्या. मी नुकताच पेन्शनीत निघालो होतो. विष्णूचं पत्र आलं — तुम्ही दोघं या, सहा महिने राहा, दोघांच्या तिकिटांचं मी मुंबईच्या एजंटाकडे सांगून ठेवलं आहे, पासपोर्टचं तेवढं तुम्ही बघा. मी ते पत्र तिला तीनदा वाचून दाखवलं. चौथ्यांदा तिनं वाचायला सांगितलं नाही. उठली, गहू भिजत घातले. कुरडया करायच्या म्हणाली. मुलांना कुरडई तळताना दाखवायची, तेलात पडली की कशी फुलते ते. त्यांनी ते कधी पाहिलं नसेल, आणि सूनबाई ती आधीच तळून ताटात वाढत असेल, अशी तिची तक्रार. त्यात काय गंमत, म्हणाली. रेशनची साखर महिनाभर साठवली. आम्ही दोघं गुळाचा चहा प्यायलो.

आता मी नगरच्या त्या दिवसावर येतो. उगाच इकडं तिकडं फिरतोय हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

पासपोर्टला फोटो लागे. त्या वेळी नवराबायकोचा मिळून एकच पासपोर्ट निघायचा. अर्ज नवऱ्याचा, त्यात सोबत पत्नी असल्यास तिच्या नावाचा रकाना, आणि दोघांचे फोटो. आम्ही सकाळच्या मोटारीनं नगरला गेलो. बोटीच्या प्रवासाला लागते म्हणून तिनं आधी देवी टोचून घेतली, माझ्याआधी दंड पुढं केला. मग फोटो. जन्मात पहिल्यांदाच. पापणी हलवू नका, असं फोटोवाल्यानं सांगितलं, तर तिनं श्वासही रोखून धरला. झालं म्हटल्यावर सोडला, आणि आम्ही तिघंही हसलो. तोवर सगळं चांगलं होतं. मला ती घटका तिथंच थांबवता आली असती तर —

नंतर आम्ही कापडबाजारात गेलो. मालूच्या झग्याचं कापड घ्यायचं होतं. हिनं दोन्ही पोरांचे शेवटचे आलेले दोरे बरोबर आणले होते, कमरेच्या पिशवीत. दुकानाच्या पायरीवर तिनं ठाण मांडलं, तांबडा दोरा कापडावर लावून बघितला, दुकानदाराशी मोठ्या आवाजात हुज्जत घातली. मग थकली असावी. चिमूटभर मिशरी काढून बोटानं दातांना लावत बसली. आमच्याकडं बायका लावतात. सकाळी, दुपारी, कधीही. मी चार पावलांवर उभा होतो.

तेवढ्यात समोरून डेप्युटी साहेब आले. शाळा तपासायला यायचे ते, आता तेही निवृत्त. एकदा शेरेबुकात त्यांनी माझ्या अक्षराची तारीफ लिहिली होती. ती ओळ मला अजून पाठ आहे. बरोबर त्यांच्या पत्नी होत्या. पायात चपला, हातात छत्री, बोलणं स्वच्छ. साहेब म्हणाले, “काय मास्तर, आफ्रिकेला निघालात म्हणे! शाबास. एकटेच?” मी काही बोलायच्या आत त्यांची नजर पायरीकडं गेली. हिनं नेमकी तेव्हाच बाजूच्या गटारीत पिंक टाकली आणि तोंड पुसत माझ्याकडं बघून हसली. बाईसाहेबांनी विचारलं, “ह्या कोण, तुमच्याबरोबर आहेत का?”

मी म्हणालो, “गावाकडची बाई आहे. बाजाराला सोबत आली.”

झालं. एवढंच वाक्य. साहेब पुढं निघून गेले. मी वळून पाहिलं. ती कापडाची घडी घालत होती. तिनं ऐकलं का? चार पावलांचं अंतर, बाजारातला गलका. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. परतीच्या मोटारीत ती नेहमीसारखीच बोलत राहिली — झग्याला झालर लावायची, अरुणला टोपी शिवायची. मी स्वतःला सांगितलं, नाही ऐकलं.

पण माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मोटारीत बसल्या बसल्या मला पुढचं दिसायला लागलं. बोटीवरची शिकली-सवरलेली माणसं. नैरोबीतले विष्णूचे स्नेही, त्यांच्या बायका. आणि त्यांच्यात ही, मिशरी लावत, मोठ्यानं बोलत, ‘हाय’ नि ‘न्हाई’ करत. आणि मी? प्रत्येकाला काय सांगणार होतो, गावाकडची बाई आहे? ज्या पोराला तिनं अंगावर पाजलं, त्याला तिची लाज वाटेल असं मी ठरवून टाकलं. विष्णूला लाज वाटली नसती. लाज माझी होती, मी ती त्याच्या नावावर घातली.

आठवड्यानं मी अर्ज भरायला बसलो. ती अंगणात कुरडया वाळत घालत होती. त्या रकान्याशी आलो. सोबत पत्नी असल्यास. टाक शाईत बुडवला. रेघ मारली.

खाडाखोड नाही. स्वच्छ रेघ.

मग दोन खोटी बोलावी लागली, समुद्राच्या एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दुसरं. विष्णूला लिहिलं, तुझ्या आईला समुद्राची भीती वाटते, यायला तयार नाही, तिचं तिकीट रद्द कर. भीती माझी होती, खरं तर. मला पोहता येत नाही, मी विहिरीतसुद्धा वाकून बघत नाही. खोटं बोलायला बसलो आणि हाताशी आपलीच भीती सापडली, तीच तिच्या गळ्यात बांधली. विष्णूचं उत्तर आलं, त्यात एक ओळ होती. ‘आई आणि पाण्याला भिते? नवल आहे.’ मी कळवलं, वय झालं की माणूस बदलतं.

आणि तिला सांगितलं, सरकारनं बायकांना परवाना नाकारला.

ती चुलीपुढं होती. हात थांबला. “बायकास्नीच न्हाई म्हनत्यात?”

मी म्हटलं, लढाईनंतरची गडबड आहे, पुढं देतील.

“आन माजा फोटू?”

सरकारनं ठेवून घेतला, म्हणालो. फोटो माझ्या ट्रंकेत होता, कोटाच्या घडीखाली.

तिनं जरा वेळानं तव्यावरची भाकरी उलटली. ती करपली होती. म्हणाली, “मंग तुमी तरी जावा. कोनी तरी डोळ्यानं बघाया पायजेल.” आणि दुसऱ्या दिवसापासून माझी तयारी करायला लागली. डोळे पुसताना मी तिला पाहिलं नाही. पण दोन दिवस तिचा आवाज बसला होता. दंडावरची टोचलेली जागा अजून भरली नव्हती, कामं करताना ती तिथं हात धरायची. मला तेव्हा सांगता आलं असतं. नवा अर्ज भरता आला असता, बोट पुढची धरता आली असती. मी रोज सकाळी ठरवायचो आणि दुपारपर्यंत गप्प राहायचो. दुपारनंतर वाटायचं, आता उशीर झाला.

निघताना तिनं मला सगळं पढवलं. पोरांच्या डोक्याचा वास घ्या, म्हणाली. आणि दोरा लावून बघा, “सूनबाई खरं माप धाडती का दोन बोटं वाढवून धाडती.” मोटार सुटली तेव्हा ती रस्त्यात उभी होती. हात हलवायची सवय नव्हती तिला. पदर तोंडाशी धरून नुसती उभी होती.

बोटीवर मी आडवाच होतो. पोटात पाणी ठरेना. शेजारच्या फळीवरचे एक गृहस्थ म्हणाले, मास्तर, घरचं माणूस बरोबर आणायला हवं होतं. मी भिंतीकडं तोंड केलं.

आणि मग नैरोबी. काय सांगू? दारात दोन पोरं उभी होती आणि मला त्यांची उंची आधीच ठाऊक होती. मालू सात वर्षांची, दात पडलेले. अरुण चार वर्षांचा. मी पहिल्यांदा मालूच्या डोक्यावर हात ठेवला तेव्हा तो आपोआप पालथा पडला, आणि माझ्या मनात आलं, हा हात माझा नव्हे. ही जागा दुसऱ्या कुणाची आहे. मालूनं माझ्यामागं गाडीत पाहिलं. “आजी कुठंय?”

विष्णूनंच सांगितलं, आजी समुद्राला घाबरते. अरुण हसला. मालू हसली नाही. तिला ते फार वाईट वाटलं असावं. दुसऱ्या दिवशी तिनं मला विचारलं, आजी दिसते कशी? मी म्हटलं, आजीसारखी. ट्रंक खाटेखालीच होती, फोटो ट्रंकेत होता. पण फोटो दाखवला असता तर विष्णूनं विचारलं असतं, हा कधी काढला, कशासाठी? तेव्हा सहा महिने त्या पोरांच्या आजीचा चेहरा खाटेखाली राहिला. रोज रात्री मी त्याच्यावर झोपलो.

सुखात होतो, हेही सांगायला हवं. फार सुखात होतो. कुरडया सूनबाईनं तळल्या. मी म्हटलं, पोरांसमोर तळ. फुलताना बघून अरुणनं टाळ्या पिटल्या, पुन्हा पुन्हा, म्हणाला. डबा संपला. मालूला मी पाटी-पेन्सिल देऊन मराठी लिहायला शिकवलं. हुशार पोर. सहा महिन्यांत जोडाक्षरंही यायला लागली. तिला शिकवताना कधीकधी भाकरी थापतानाचा तो प्रश्न आठवायचा, माझं नाव कसं लिहितात. मी मालूला शिकवलं, बघ, अ-न-सू-या.

परत आलो तेव्हा बरोबर दोन नवे दोरे आणले, मी स्वतः मापलेले. तिनं ते जुन्यांना लावून बघितले. सूनबाईचं माप बरोबर निघालं, तर जरा हिरमुसलीच. मग आठवडाभर मला प्रश्न. मालू कोणत्या कुशीवर झोपती? अरुणला घाम येतो का? रडल्यावर लगेच गप होतो का? मी जे पाहिलं नव्हतं तेही सांगत गेलो. तिला पुरं पडावं म्हणून. ती डोळे मिटून ऐकायची.

महिना-दीड महिना झाला असेल. मी मळ्याकडं गेलो होतो. परत येताना वेशीपाशी पोस्टमन भेटला, गेणू, माझाच विद्यार्थी. पोस्टमनकडून पत्र वाचून घ्यायची आमच्याकडं पद्धतच होती. तो आनंदानं म्हणाला, “गुर्जी, काकूंच्या नावानं पाकीट आलं आफ्रिकेचं! लहान पोरीचं अक्षर, पन काय वळन! आपलं वळन. काकू म्हनल्या वाच, मी दिलं वाचून. काकूंनी दोनदा वाचाया लावलं.”

काय लिहिलं होतं, हे विचारायचीही छाती झाली नाही. तिच्या नावानं आयुष्यात आलेलं ते पहिलं पत्र, आणि पहिल्यांदाच पत्र माझ्या हातातून गेलं नव्हतं.

ती ओसरीवर तांदूळ निवडत होती. पत्र शेजारी, वर तांब्या ठेवलेला, उडू नये म्हणून. मी अंगातली कोपरी काढली, पाय धुतले. तिनं पाणी दिलं. मी पत्र उचललं.

‘प्रिय आजी, तू समुद्राला भिऊ नकोस. मी पण आधी भीत होते. बाबांनी मोंबासाला पाण्यात नेलं तेव्हा भीती गेली. तू आलीस की मी तुझा हात धरीन. आजोबा म्हणाले तू आजीसारखी दिसतेस, पण तू केवढी आहेस ते कळत नाही. तुझा दोरा पाठव. मालू.’

मी ते मनात वाचलं. मग मान वर केली. ती सुपात बघत होती. विचारेल, असं वाटलं. मी कधी भ्यायले वो पान्याला? सरकारनं नाकारलं म्हनला होता ना? एवढं विचारलं असतं तरी मी सगळं ओकून टाकलं असतं, मला वाटतं. पण तिनं खडा वेचला, बाजूला टाकला. आणि म्हणाली, “कागद घ्या. उत्तर लिवायचंय.”

मी दौत-टाक घेऊन बसलो. तिनं सूप खाली ठेवलं, हात पदराला पुसले. आणि सांगू लागली, थांबत थांबत, माझा हात पोचेल तसं.

“लिवा. माजी मालूबाय. तुजं पत्तर पावलं. लई आनंद झाला. तुजं अक्षर लई चांगलं हाय म्हनं.”

मी लिहिलं.

“तुजा आजा म्हनला त्ये खरं हाय. मला पान्याचं लई भ्या वाटतं.”

टाक थांबला. प्रवरेच्या पुरात उतरणारी बाई. मी तिच्याकडं पाहू शकलो नाही. ती वाट बघत होती. मग म्हणाली, “लिवलं? — आज्यानं लई म्हनलं चल चल म्हनून. मीच न्हाई म्हनले. आज्यावर रागवू नगंस.”

मी लिहिलं. शब्दन् शब्द लिहिला. तिथं मला टाक खाली ठेवता आला असता. तिचे पाय धरता आले असते. अनसूया, मी रेघ मारली, एवढे चार शब्द म्हणता आले असते. घरात तिसरं कुणी नव्हतं. मी काय केलं? ‘लई’चं ‘फार’ केलं, ‘भ्या’चं ‘भीती’ केलं. शुद्धलेखन सांभाळलं.

“खाली लिवा, तुजी गावाकडली आजी.”

ते बोलताना आवाजात काही नव्हतं. कापडबाजारातल्या त्या पायरीवर तिनं ऐकलं होतं का? की सहज म्हणाली? गावाकडची आजी, असं कुणीही म्हणेल. मला कधी कळलं नाही. मी विचारलं नाही.

मग ती उठून देव्हाऱ्याजवळच्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली. पायांच्या टाचा जुळवून, मान सरळ, फोटोवाल्यापुढं बसली होती तशी. “घ्या माप,” म्हणाली. माझ्या हातात निळ्या दोऱ्याची गुंडी दिली. मी खाली बसून तिच्या टाचेशी टोक धरलं. टाचेला भेगा होत्या. दोरा वर नेत नेत उभा राहिलो. तिचं डोकं माझ्या हनुवटीपाशी आलं. चाळीस वर्षं संसार केला आणि ती माझ्या कुठपर्यंत येते हे मला त्या दिवशी कळलं. वरच्या टोकाला मी तळहात ठेवला, तिच्या केसांवर, पालथा. तिनं डोळे मिटले. आम्ही किती वेळ तसे उभे होतो, सांगता येत नाही. मग ती म्हणाली, “कापा आता.” मी कापला.

दोरा पत्रात घातला, पाकीट चिकटवलं. ट्रंक तिथंच होती. तिच्यातला फोटो काढून आत सरकवायला कितीसा वेळ लागला असता? मी पाकीट पोस्टात टाकून आलो.

पुढं दोन वर्षांनी ती गेली. थंडीतापाचं निमित्त. पोरांना न पाहताच गेली. शेवटच्या दिवसांत खिळ्यावरचे दोरे उशाशी मागून घेतले होते. माझ्याशी शेवटपर्यंत चांगलीच वागली. त्याबद्दल कधी एक शब्द काढला नाही, आणि मीही नाही.

मालू आता मोठी झाली आहे. गेल्या महिन्यात तिचं पत्र आलं. आजीचा निळा दोरा अजून भिंतीवर आहे, असं तिनं लिहिलंय. परवा त्याच्याखाली उभं राहून पाहिलं, तर ती दोन बोटं उंच भरली. आजी समुद्राला घाबरली नसती तर शेजारी उभं राहून मोजलं असतं, म्हणते. आणि खाली विचारलंय, आजोबा, आजीचा एखादा फोटो आहे का हो?

पत्र वाचून मी ट्रंक उघडली. फोटो आहे तसाच आहे. श्वास रोखलेला, डोळे मोठे, दंड दिसत नाही पण त्यावर ताजी टोचलेली खूण होती, आणि कमरेच्या पिशवीत एक तांबडा दोरा नि एक पांढरा. फोटो समोर ठेवला, दौत उघडली आणि मालूला उत्तर लिहिलं.

नाही, असं लिहिलं. चांगल्या अक्षरात.